पाच राउंड, चार पुंगळ्या

माझं शेवटचं पोस्टिंग जर्मनीत, र्युसेल्सहाइमला झालं. ऑर्डर लेकीनं काढली: मुदत तीन महिने, काम नातीला रोज ०८१५ वाजता किंडरगार्टनच्या फाटकात पोचवणे. पायदळात चोवीस वर्षं काढलेल्या या हवालदारानं एकदाही उशीर केला नाही. खुद्द जर्मन लोक मला पाहून घड्याळं लावायचे.

शेजारचा हाइंत्स त्यातलाच. मोटार कारखान्यातून निवृत्त झालेला. माझी चाल बघून त्यानं फौजी ओळखला, आणि एका शनिवारी १००० वाजता आपल्या नेमबाजीच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, घेऊन गेला. सोबत दुभाषी म्हणून जावई, नीलेशराव. दुभाषी कसले, सेन्सॉर. बाराशे मीटरवरून मी काडेपेटी उडवली होती, तिचं जर्मनमध्ये पोचेपर्यंत तीनशे मीटर आणि पत्र्याचा डबा झाला. आकडे मला कळतात.

कॉफीवर आवडत्या हत्याराचा विषय निघाला. हाइंत्सची वडिलांकडून आलेली लहान बोअरची रायफल, एका वेळी एकच गोळी भरायची. बॉनहून आलेला त्याचा मेव्हणा डीटर रिव्हॉल्व्हरवाला. मला विचारलं. मी म्हणालो, "बट नंबर सत्तेचाळीस."

हे कुठलं मॉडेल, म्हणून दोघं बघत राहिले. मग सांगितलं, की आमची रायफल नंबरानं ओळखायची. सकाळी कोतातून, म्हणजे शस्त्रागारातून, सही करून घ्यायची, संध्याकाळी पुसून परत. आता ती कुठे आहे, हाइंत्सनं विचारलं. असेल कोणाच्या तरी खांद्यावर, मी म्हणालो. घटस्फोटाची बातमी ऐकल्यासारखं दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यांच्याकडे हत्यार घरी, पोलादी कपाटात. मला कुतूहल एकच: कपाटाची चावी कुठे? तिथे दोघांची जुंपली. डीटर म्हणाला, त्यांच्या राज्यात कोर्टानं ठरवलंय की चावीही तितक्याच मजबूत कपाटात हवी. मग त्या कपाटाची चावी? म्हणून त्यानं आकड्यांचं कुलूपच बसवलं. हाइंत्सच्या राज्यात त्याला अजून कोणी तसं विचारलेलं नव्हतं. कायदा देशभर एक, पण राज्य बदललं की वाचणारा चष्मा बदलतो. एका गोष्टीवर मात्र दोघंही "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणाले: परवाना नसलेल्या माणसाकडे एक गोळी जरी सापडली, तरी ती देणाऱ्याचं परवान्याचं कार्ड जाऊ शकतं. कार्ड गेलं की हाइंत्सच्या वडिलांची रायफलही गेली.

१११० वाजता मी हाइंत्सची रायफल घेऊन फायरिंग लाईनवर बसलो. लाकडी ठोकळ्यात पाच राउंड. हाइंत्स शेजारी उभा, पण अर्धं लक्ष डीटरशी चाललेल्या वादात. मी ठोकळा रिकामा केला, बोल्ट उघडा ठेवला आणि सवयीनं रिकाम्या पुंगळ्या गोळा केल्या. चार.

"कोणी हलायचं नाही," मी म्हणालो.

हाइंत्स हसला. पितळ आहे, झाडताना मिळेल. कदाचित चारच झाडल्या असतील, मोजायला चुकलो असेन. टार्गेट ओढून आणलं. भोकं चारच. म्हणजे एक नेम चुकला, डीटर म्हणाला.

माझा नेम टार्गेटबाहेर जात नाही. ही थाप नव्हे. म्हणजे पाचवी उडालीच नव्हती. हाइंत्सचा चेहरा उतरला. रेंज सांभाळणाऱ्या उर्सुलाबाईंनी सगळ्यांचं फायर थांबवलं.

माझा हात डाव्या खिशावर गेला. गोळी तिथे होती.

उर्सुलाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. मी गोळी टेबलावर ठेवली.

"नीलेशराव, आता जसंच्या तसं सांगा. काटछाट नको."

"सांगतो, अप्पा."

मी सांगितलं. काश्मीरातली पोस्ट. लान्स नाईक यशवंत माझा जोडीदार, बट नंबर अठ्ठेचाळीस. त्याचा नियम होता: एक राउंड डाव्या खिशात राखायचा, हात पूर्ण रिकामा होऊ द्यायचा नाही. मलाही त्यानंच लावलेली सवय. त्या पहाटे तो वरच्या मोर्च्यात, म्हणजे बंकरात, एकटा होता. ०४४० वाजता वायरलेस सेटवर विचारलं, "ॲम्युनिशन रिपोर्ट." उत्तर आलं, "एक राउंड बाकी. ओव्हर." आम्ही ०५१० ला पोचलो. राउंड त्याच्या खिशात तसाच होता, यशवंत गेलेला. मोर्चा आमच्याकडेच होता.

नीलेशरावांनी ते हळू, एकही आकडा न बदलता सांगितलं.

उर्सुलाबाईंनी एकच विचारलं: मी लाईन सोडली होती का? नाही. आमच्या ड्रिलमध्ये हिशोब जुळल्याशिवाय लाईन सोडत नाहीत. आल्झो, म्हणजे तर मग, त्या म्हणाल्या, गोळी रेंजच्या बाहेर गेलेली नाही. हाइंत्सला मात्र चांगलं झापलं. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं, मग गोळी उचलून माझ्या हातात दिली. "ही त्याची."

मी भरली. झाडली. या वेळी हाइंत्सची नजर माझ्या हातावरून हलली नाही.

पाच पुंगळ्या टेबलावर लावल्या. मग उभा राहिलो, दोन्ही खिसे उलटे केले आणि गोळी-पुंगळी काही उरलं नाही, हा प्रत्येक फायरिंगनंतर द्यायचा रिपोर्ट दिला: "जिंदा राउंड नहीं, खाली खोखा नहीं, श्रीमान."

रिपोर्ट कोणाला दिला, ते नीलेशरावांनी भाषांतरात सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.