बुधवारची फ्रेंच गाणी

माझी बायको बुधवारी लिपस्टिक लावते. बाकीचे सहा दिवस तिचे ओठ असतात तसेच असतात. बुधवारी दुपारी मात्र ती दाराजवळच्या आरशासमोर उभी राहते, गडद लाल रंग दोनदा फिरवते, ओठांवर ओठ घासते आणि ‘येते हो’ म्हणून निघते. इंग्लंडात, रीडिंग गावातल्या आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एका चर्चचा हॉल आहे. तिथे पंधराएक निवृत्त माणसं जमून फ्रेंच गाणी म्हणतात. आजची नव्हेत, महायुद्धानंतरची, आमच्या आईवडिलांच्या तरुणपणातली. शिकवणारा गृहस्थ इंग्रज आहे. शाळेत फ्रेंच शिकवून निवृत्त झालेला, सत्तरीचा, ॲकॉर्डियन वाजवणारा आणि विधुर. यातली शेवटची माहिती मी मुद्दाम काढली.

मीही वाजवतो, पेटी. पोटापाण्यासाठी जन्मभर सॉफ्टवेअर लिहिलं, पण मला स्वतःची ओळख करून द्यायची झाली तर पेटीवाला म्हणूनच द्यावीशी वाटते. बत्तीस वर्षांपूर्वी पुण्यात मी हिला बघायला गेलो. पोहे झाले, आणि रिवाजाप्रमाणे मुलीला गाणं म्हणायला सांगितलं गेलं. कोपऱ्यात त्यांची पेटी होती. ती मी पुढे ओढली आणि विचारलं, “पट्टी कुठली?”

“काळी चार,” ती म्हणाली.

आमचं पहिलं बोलणं ते एवढंच. ज्यांना पेटीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गाणाऱ्याने आपला ‘सा’ ज्या सुरावर धरायचा ती त्याची पट्टी. काळी चार ही बायकांची चांगली उंच, तेजदार पट्टी. ती गायली, मी साथ केली आणि घरी येऊन होकार कळवला. पुढे इथे आल्यावर मराठी मंडळाच्या गणपतीला, दिवाळीला, पाडव्याला आम्ही दोघं ठरलेलेच असायचो. ती गाणार, मी शेजारी. लोक आमचा जोडीनेच उल्लेख करत, आणि त्यात माझी छाती फुगायची ती तिच्यापेक्षा थोडी जास्तच.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तिचा आवाज फाटला. अंतऱ्यात वर गेली आणि वर काही सापडलंच नाही. पुढच्या रांगेतल्या बायकांनी मान खाली घातली. कारमध्ये बसल्यावर मी म्हणालो, रियाज कमी पडतोय. त्याआधी तालमीत तिने मला पट्टी जरा उतरवायला सांगितली होती, हे खरं आहे. मी हसण्यावारी नेलं होतं. उतरवली की मंडळात लगेच बोलतात, अमक्या आता म्हाताऱ्या झाल्या. तिच्याच भल्यासाठी मी काळी चार सोडली नाही, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. त्या दिवाळीनंतर ती गायला बसली नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, घसा बरा नसतो.

आणि तोच घसा गेल्या सप्टेंबरात लायब्ररीतली एक पाटी वाचून फ्रेंच गाणी म्हणायला निघाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ‘पॅरिस काय, आपल्या घरात आहेच की,’ असं मी तिला म्हणालो. माझी पेटी वडिलांची आहे आणि तिच्यात पॅरिस रीड आहेत. पेटीच्या धंद्यात या नावाला फार मान. कोणे एके काळी फ्रान्समधून आलेल्या त्या पितळी पट्ट्या, ज्यांच्यातून सूर निघतो, आता मिळत नाहीत. वडील पाहुण्यांना पेटीचं झाकण उघडून त्या दाखवायचे.

“ते पॅरिस पेटीत आहे,” ती म्हणाली. “मला गाण्यातलं बघायचंय.”

घरात फ्रेंच शिरलं. पोळ्या लाटताना ती गुणगुणायची आणि मी आत गेलो की थांबायची. हे थांबणं मला सगळ्यात जास्त लागायचं. जेवताना त्या गृहस्थाचं नाव यायचं, नुसतं पहिलं नाव, जणू कॉलेजातला मित्र. फ्रेंचमध्येही आपल्यासारखं तू आणि तुम्ही असतं आणि वर्गात सगळे एकमेकांना तूच म्हणतात, हेही तिने मला कौतुकाने सांगितलं. मला बत्तीस वर्षं अहो, आणि त्या बाप्याला तीन महिन्यांत तू. मी वरणात मीठ नाही म्हणालो. मीठ होतं.

डिसेंबरात त्याने तिला आपला जुना रेकॉर्ड प्लेअर दिला, चार रेकॉर्डांसकट, वापरायला म्हणून. तो आमच्या दिवाणखान्यात माझ्या पेटीच्या शेजारी आला. ती बाहेर गेली की मी त्या रेकॉर्डी लावून ऐकायचो, वैऱ्याचं घर बघून यावं तसा. पहिल्यांदा वाटलं, यांना गाता येत नाही. ताना नाहीत, आलाप नाही. एक बाप्या तर अर्धं गाणं नुसतं बोलत होता, घसा खाकरायचा राहिला असावा अशा आवाजात. वेष्टनांवरचे फोटो बघितले. माणूस एकटा उभा, समोर मायक्रोफोन, वरून एकच दिवा, आणि हात मात्र गोष्ट सांगत असल्यासारखे पुढे आलेले. तिसऱ्यांदा ऐकताना मी स्वयंपाकघरात चहा टाकायला उठलो होतो, तो टाकायचा विसरून तसाच उभा राहिलो. ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर त्याच शब्दांत येत होतं, पण दर वेळी गाणारी बाई ते वेगळ्या मनाने म्हणत होती. भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं आणि तिचं माणूस शेवटच्या कडव्यात परत येणार नाही हे कळलं. मला फार राग आला. चांगलं नसतं तर माझं काम किती सोपं झालं असतं.

एका रविवारी तिनेच मला बोलावून बसवलं. एकाच गायिकेने एकच गाणं दोनदा रेकॉर्ड केलं होतं, तिशीत एकदा आणि साठी जवळ आल्यावर एकदा. तिने दोन्ही लावून दाखवली. पहिल्यात आवाज पाण्यासारखा वाहत होता. दुसरी रेकॉर्ड खूप खालच्या पट्टीत होती, आवाजात खरखर होती, दोन ठिकाणी बाई नुसती श्वास घेऊन पुढे गेली होती. संपल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. माझं मत तिला हवं होतं, हे मला दिसत होतं.

“आवाज गेलाय बाईचा,” मी म्हणालो.

तिने रेकॉर्ड काढली, कागदात घातली, कागद वेष्टनात घातला आणि कपाटात ठेवून दिली. नंतर तिने मला काही ऐकवलं नाही.

मार्चमधल्या एका बुधवारी, ती तिकडे गेलेली असताना, मी पेटी कारमध्ये घातली आणि वेम्बलीला गेलो. ईलिंग रोडच्या मागे एक म्हातारे गुजराती काका पेट्या दुरुस्त करतात. पेटी बरी होती. पण बुधवारची दुपार घरात काढवत नव्हती आणि आपल्याकडेही एक वाद्य आहे हे कोणाला तरी दाखवायचं होतं. काकांनी झाकण काढलं, पॅरिस रीड बघून कानाला हात लावला, आणि मग एकेक सूर दाबत खाली आले. मधले, वरचे झकास. खालचे मात्र दोन बोललेच नाहीत आणि तिसरा घरघरला. काकांनी बारीक ब्रशने धूळ काढली. बिघडलेलं काही नाही, म्हणाले, वापर नाही एवढंच, तुम्ही इकडे येतच नाही का कधी. मी म्हणालो, आमच्या मिसेस काळी चारमध्ये गातात, खाली जायचं काम पडत नाही. त्यांनी विचारलं, वय काय मिसेसचं. मला तो प्रश्न आगाऊ वाटला. मी एम फोर महामार्गावरून घरी परत येईपर्यंत त्यांच्यावर चिडलेला होतो.

मे महिन्यात तिच्या कोटाच्या खिशात पार्किंगचं तिकीट शोधताना मला एक घडी घातलेला कागद सापडला. बुधवारच्या गटाचा कार्यक्रम, दुपारी तीन वाजता, चहा आणि केक, सर्वांचं स्वागत. गाणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव होतं, शेवटून दुसरं. तारीख चार दिवसांवर आली होती आणि तिने मला सांगितलं नव्हतं. मंडळाच्या तीस कार्यक्रमांत तिच्या डाव्या हाताला बसलेल्या माणसाला. मी कागद होता तसा ठेवला. चार दिवस ती सांगेल म्हणून वाट बघितली. चहा करताना, भाजी निवडताना, मुलीचा फोन चालू असताना. नाही सांगितलं. बुधवारी लिपस्टिक लावून म्हणाली, येते हो.

मी अर्ध्या तासाने गेलो. शेवटच्या रांगेत, कोट-टोपी न काढता बसलो. तिला दिसलो नाही. तिच्याआधी एका आजोबांनी आणि दोन बहिणींनी गाणी म्हटली, बरी. मग ती उभी राहिली. मोरपंखी साडी, हातात कागद नाही. तो गृहस्थ ॲकॉर्डियन घेऊन तिच्या डाव्या हाताला बसला, नेमका माझ्या जागेवर. मी मांडीवर मूठ आवळली. खरं सांगतो, तिचा आवाज पुन्हा फाटावा असं एक क्षण माझ्या मनात आलं. नवऱ्याच्या मनात येऊ नये ते आलं.

त्याने भाता उघडला आणि दोन सूर वाजवले. तिच्याकडे बघितलं. मग आणखी खाली आला, तिथे थांबला आणि पुन्हा बघितलं. तिने मान हलवली. मगच त्याने सुरुवात केली. त्याला क्षणभरच वेळ लागला असेल, पण तेवढ्यात एक शब्द न बोलता त्याने तिला पट्टी विचारली होती.

ती गायली. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. खालचा, रुंद, किंचित खरखरीत, आणि त्यात बत्तीस वर्षं होती. आमची दोन बाळंतपणं, तिच्या आईचं जाणं, इथली पहिली थंडी, सगळं त्या परक्या भाषेत. कुठेही चढायची धडपड नव्हती. ध्रुवपद तिसऱ्यांदा आलं तेव्हा तिने ते जवळजवळ बोलून टाकलं, आणि त्याने ॲकॉर्डियनचा आवाज इतका कमी केला की तिचा श्वास ऐकू आला. अशी साथ मला येत नाही. माझी बोटं मांडीवर आपोआप सूर शोधत होती आणि त्यांना तो सापडला. काळी दोन. पुरुषांची म्हणून मी तिच्यासाठी कधी हात न लावलेली पट्टी.

टाळ्यांमध्ये तिने मला पाहिलं. चेहऱ्यावरचा आनंद पुसला गेला, चोरी पकडल्यासारखा. मला माझीच लाज वाटली.

चहाच्या वेळी तो गृहस्थ माझ्याकडे आला. सभ्य माणूस, हात मऊ. म्हणाला, तुम्ही वाजवता हे मला माहीत आहे, ती नेहमी सांगते. मग म्हणाला की तिचा आवाज कुठे राहतो हे शोधायला त्याला तीन बुधवार लागले. मी केक खाल्ला. तीन बुधवार म्हणजे एकवीस दिवससुद्धा नाहीत. त्याचा द्वेष करायला मला त्याने काही कारणच ठेवलं नाही, आणि तरी मी तो केलाच.

परत येताना आम्ही चालत होतो. मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस.

“तुम्ही आला असतात तर मी काळी चार धरली असती,” ती म्हणाली. “तुम्हाला बघितलं की तीच लागते. सवय.”

घराच्या फाटकाशी ती म्हणाली, “मी तुम्हाला उतरवा म्हणाले होते. एकदा नाही, सहा वेळा.” मला एकच आठवत होती.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, चहा झाल्यावर मी पेटी खाली जमिनीवर घेतली. ती पेपर वाचत होती. दिवाळीला जिथे तिचा आवाज फाटला तेच गाणं मनात होतं, पण ते मी सांगितलं नाही, नुसती पेटीवरची शाल काढली. ती पेपरच्या कडेवरून बघत राहिली. मला काळी दोन ठाऊक होती. ती लगेच धरून, बघ, मलाही कळतं, असं तिला दाखवायचा मोह अनावर होता. पण तसं करून मी पुन्हा तिच्या आधी सूर ठरवला असता. मी भाता सोडला आणि हात मांडीवर ठेवले.

“पट्टी कुठली?” मी विचारलं. बत्तीस वर्षांत दुसऱ्यांदा.

“काल ऐकलीत की.”

“ऐकली. तू सांग.”

तिने पेपरची घडी घातली आणि माझ्या उजव्या हाताला येऊन बसली. ओठ तिचे कोरडे होते, इतर सहा दिवस असतात तसे. मी ते पाहिलं, आणि आतून जळलो.

“काळी दोन,” ती म्हणाली, आणि मी धरली.