इसाजीकाकांची उलटी खिडकी

इसाजीकाका पेणकरांची सगळी नोकरी पनवेलच्या एसटी स्टँडवर गेली, चौकशीच्या खिडकीत. समोर टेबल, टेबलावर माईक, आणि पलीकडे अलिबागला, महाडला, श्रीवर्धनला निघालेली घामेजलेली माणसं. गाड्यांच्या वेळांचा फळा त्यांच्या पाठीमागेच टांगलेला असे, पण मान वळवून तो पाहिलेले काका कुणाला आठवत नाहीत. "मुरूड? पाच नंबरला लागेल. पण पुढच्या टपावर बोजा ठेवू नका, ड्रायव्हर तिरसट आहे," असं ते सांगायचे, आणि गाडी पाच नंबरलाच लागायची. ड्रायव्हरही तिरसट निघायचा.

निवृत्त झाल्यावर गाड्या गेल्या, पण डोकं रिकामं बसेना. मग काकांनी बरस्या हातात घेतल्या. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरांत वारलेल्या माणसाची बरसी इब्री, म्हणजे हिब्रू, तिथीने येते, म्हणून आपल्या कॅलेंडरवर ती दर वर्षी पुढेमागे सरकते. पूर्वी घरोघरी कुणीतरी जाणतं माणूस असायचं. आता निम्मी घरं इस्रायलला गेली, उरलेल्यांना ऑफिसं सुटत नाहीत. तेव्हा आदल्या दिवशी काकांचा फोन यायचा, तोही स्टँडवरच्या आवाजात. "कृपया लक्ष द्या. तुझ्या सासऱ्यांची बरसी उद्या संध्याकाळी लागते आहे. दिवा तयार ठेव." दीना हा फोन कानाला लावून हसायची, आणि फोन ठेवला की न चुकता डोळे पुसायची.

दीना नवीन पनवेलला राहते. काकांशी रक्ताचं नातं नाही, पण सासऱ्यांचे ते जिवलग मित्र. शिवाय दीनाला काळजी करायला माणसं नेहमीच कमी पडतात. रिक्षा नाक्यापर्यंत गेल्यावर गॅस बंद केला का म्हणून ती परत येते. मुलगा यायर घरातच बसून काम करतो, तर ऊन लागत नाही म्हणून काळजी. बाहेर गेला, तर ऊन लागेल म्हणून. यायर संगणकासाठी प्रोग्राम लिहितो. मोबाइलवरचे नव्हेत, टेबलावरच्या संगणकावर चौकटी उघडतात आणि त्यांत बटणं, याद्या, लिहायच्या जागा असतात, तसले. या बारक्यासारक्या भागांना तो विजेट म्हणतो. कधी एखादं विजेट रुसलं, की जेवायला हाक मारूनही उठत नाही.

गेल्या वर्षी काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि त्याच सुमाराला त्यांनी दोन घरच्या बरस्यांची अदलाबदल केली. दोन्ही घरं हसली. काका हसले नाहीत. तेव्हा यायरनेच सुचवलं, "काका, तुम्ही फक्त नावं भरा. तिथी माझा प्रोग्राम काढेल, आदल्या दिवशी आठवणही देईल." जुना संगणक काकांच्या टेबलावर बसला. पडद्यावरच्या त्या चौकटीला काका पहिल्या दिवसापासून 'माझी खिडकी' म्हणू लागले. मान ताठ करून समोर बसायचे, जणू पलीकडे महाडची रांग लागली आहे.

महिनाभर बरं चाललं. मग काका राहिलेली नावं स्वतः भरू लागले, आणि ती नाहीशी व्हायला लागली.

"यायर, मोझेस दिघोडकर गेला."

"अरेरे. कधी?"

"तो जाऊन जमाना झाला! तुझ्या खिडकीतून गेला. काल भरला होता, आज नाही."

यायरने फोनवरून विचारपूस केली. जतनचं बटण दाबलं का? दाबलं. डावीकडचं? हो रे, डावीकडचंच. यायरने आपल्या संगणकावर तेच केलं. नाव जागच्या जागी बसलं. पुन्हा केलं, पुन्हा बसलं. "माझ्याकडे चालतंय, आई," तो म्हणाला. हे वाक्य दीनाने त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, की तिला ते त्याच्या नोकरीचं नावच वाटायचं.

पुढे काकांनी तक्रार करणंच सोडलं. दीनाला खरी काळजी वाटली ती तिथून. स्टँडवर दोन मिनिटं उशिरा आलेल्या गाडीची तक्रार डेपोपर्यंत नेणारा माणूस गप्प कसा बसतो? मग एका गुरुवारी त्यांचा फोन आला, साध्या आवाजात, घोषणा नाही की काही नाही.

"दीना, मुलगी बोलावते आहे इस्रायलला, अश्दोदला. कायमचंच. मी उद्या तिला होकार कळवतो, शब्बाथ लागायच्या आत."

"अहो काका, पण का? काल-परवापर्यंत तर..."

"वय झालं, पोरी. आता माझ्या हातात कुणाच्या बरस्या नकोत."

दीनाला रात्रभर झोप नाही. काका गेले तर बरस्या कोण सांगणार? प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, दहावा कुठून आणायचा? आणि हा माणूस तिकडे, परक्या भाषेच्या गावात, कुणाला गाड्यांच्या वेळा सांगणार? सकाळी तिने रावसाचं कालवण केलं, डबा भरला, गॅस बघायला एकदाच परत आली, आणि रिक्षा करून जुन्या पनवेलला काकांच्या दारात उभी राहिली. चौकटीवरच्या मेझुझाला, प्रार्थनेच्या त्या छोट्या डबीला, बोटं लावून ओठांना टेकवली आणि आत गेली.

काका संगणकासमोर होते. शेजारी अर्धी भरलेली बॅग.

"जायच्या आधी राहिलेली नावं भरून टाकतो म्हटलं," ते म्हणाले. "मागे कुणाला त्रास नको."

"भरा की. मी बसते इथे."

"तू कशाला बसतेस? जा, डबा ठेव आणि जा. यायर वाट बघत असेल."

"यायर वाट बघतो होय माझी! बसते म्हटलं ना."

काकांना ते आवडलेलं दिसलं नाही. परीक्षेत कुणी मागून पेपरात डोकावल्यासारखे ते खांदे आखडून बसले. कोऱ्या चौकटीत त्यांनी पहिल्यांदा इब्री नावाच्या जागेवर बाण नेला. गेलेल्या माणसाचं प्रार्थनेत घेतात ते नाव आधी, मग घरातलं मराठी नाव, असा त्यांचा शिरस्ता. त्यांनी तिथे टिचकी मारली.

आणि अख्खी चौकट कूस बदलल्यासारखी फिरली. डावीकडच्या सगळ्या गोष्टी उजवीकडे, उजवीकडच्या डावीकडे. नावाच्या जागा पलीकडे गेल्या, यादी अलीकडे आली. खाली डाव्या कोपऱ्यात 'जतन करा' होतं, तिथे आता 'पुसून टाका' येऊन बसलं होतं.

"अगं बाई!" दीना म्हणाली. "हे उलटलं कसं?"

काकांचा हात माऊसवरच थांबला. ते हळूच वळले. "काय म्हणालीस?"

"अहो, सगळं उलटलं ना आत्ता! बटणं बघा की, इकडची तिकडे."

"तुला... दिसलं?"

"दिसलं म्हणजे? डोळे आहेत मला!"

काका खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि पुन्हा काढला.

"मला वाटलं, माझ्याच डोक्यात फिरतंय," ते म्हणाले. "माझ्या आजोबांना शेवटी शेवटी असंच व्हायचं. दार कुठे, भिंत कुठे, कळायचं नाही. मी म्हटलं, आली आपली पाळी. कुणाला सांगू? रोज इथे बसायचो, रोज सगळं फिरायचं. हाताला डाव्या बटणाची सवय, तो तिथेच जायचा. मग कळायचं, अरे, आपण तर एका माणसाला पुसलं."

दीनाला एकदम भरून आलं आणि त्याच वेळी हसूही आलं. तिने हसणं पसंत केलं. "काका, तुम्हाला काही झालेलं नाही. तुमच्या खिडकीला झालंय." आणि तिने यायरला फोन लावला.

"खिडकी उलटली."

"कुठली? काचा फुटल्या का?"

"तुझी, तुझी! प्रोग्रामची. डावं उजवीकडे गेलं."

"आई, विंडो अशी आपोआप उलटत नाही."

"तू ये. आणि ऊन आहे, टोपी घाल."

यायर टोपी न घालता आला. काकांनी त्याच्यासमोर इब्रीच्या जागेवर टिचकी मारली. चौकट फिरली. दीनाला वाटलं पोरगा आता ओशाळेल, पण त्याचा चेहरा असा उजळला की जणू हरवलेलं कुत्रं घरी आलं. "परत करा, काका! परत! वा!" त्याने काकांकडून चारदा तेच करवून घेतलं. दुखणं एकदा डोळ्यांनी दिसलं की औषध अर्धं झालंच, असं तो नेहमी म्हणायचा. न दिसणाऱ्या दुखण्याचीच त्याला भीती.

"कळलं. इब्री उजवीकडून डावीकडे लिहितात," तो खुर्चीवर बसत म्हणाला. "तेव्हा त्या एका जागेला सांगायचं होतं की तू उजवीकडून सुरू हो. मी ते चुकून सगळ्या विंडोला सांगून बसलो. बिचारी सांगितल्याप्रमाणे वागली."

"म्हणजे," काका म्हणाले, "एका उतारूला मागच्या सीटवर जा म्हटलं, आणि ड्रायव्हरने गाडीच मागे घेतली."

"अगदी तेच."

"पण मग तुझ्याकडे कसं उलटलं नाही?" दीनाने विचारलं.

यायरने मान खाजवली. "मी मराठी नावंच भरून बघितली. इब्री नावं काकांनी आधी दिली होती ना, ती एकगठ्ठा आत सोडली. त्या जागेवर मी कधी टिचकीच मारली नाही."

"का नाही मारलीस?"

"मला इब्री लिहिता कुठे येतं, आई."

"ऐक!" काका उसळले. कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज स्टँडवरचा झाला होता. "याला अलेफ-बेथ शिकवायला मी एका अक्षराला एक चिक्की देत होतो! चिक्क्या संपवल्या, अक्षरं टाकून दिली!"

"चिक्की चांगली असायची, काका."

"आणि अक्षरं वाईट?"

यायर कीबोर्डवर वाकला. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, मग संगणकाला हात लावायचा नाही, आणि त्याच्या आत अश्दोदला फोनही जायचा होता, म्हणून दीनाची नजर खिडकीतून आभाळाकडे आणि तिथून अर्ध्या भरलेल्या बॅगेकडे येरझाऱ्या घालत होती. "होईल ना रे? नक्की होईल ना? जेवलास का तू?" यायरची बोटं चालूच होती. त्याने इब्रीची जागा तेवढी उजवीकडून चालू केली, बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवलं. 'पुसून टाका' हे बटण उचलून पार वरच्या कोपऱ्यात नेलं, जतनच्या रांगेतून उठवूनच दिलं.

"आणि पुसायच्या आधी विचारत का नाही ते?" दीना म्हणाली. "माणूस असा न विचारता पुसतात का?"

यायर हसला. "मी मुद्दामच ठेवलं नव्हतं. म्हटलं, आईसारखं दहादा विचारणारं बटण कोण वापरेल?"

"ठेव," काका म्हणाले. "दहादा विचारू दे."

मग पडद्यावर एक छोटी चौकट आली, 'नक्की पुसायचं आहे का?', आणि तिच्यात 'नाही' हे बटण मोठं. काकांनी मुद्दाम पुसायला जाऊन बघितलं. चौकटीने विचारलं. त्यांनी 'नाही' दाबलं. पुन्हा विचारून घेतलं, पुन्हा 'नाही' दाबलं. तिसऱ्यांदा दीनाने हात धरला.

पुसलेली माणसं परत आणायची राहिली होती. पण प्रोग्राम सगळ्या नावांची एक प्रत आपणहून बाजूला ठेवत असे, यायरने ती उघडली, आणि एकेक जण पुन्हा यादीत येऊन बसला. मोझेस दिघोडकर आले तेव्हा काकांनी टाळी वाजवली. "आला! हा जिवंतपणीही उशिराच यायचा."

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा काकांनी अश्दोदला फोन लावला. दीना स्वयंपाकघरात गेली, कालवण गरम करायचं निमित्त करून, आणि दाराआड कान देऊन उभी राहिली.

"हो हो, येतो की. पेसाहच्या सणाला येतो. सगळ्यांना भेटतो. पण परतीचंही तिकीट काढ... नाही गं, डोकं ठीक आहे माझं. खिडकीचं बिघडलं होतं... अगं, ती खिडकी नव्हे!... तुला नाही कळणार. आणि मला इथे एक शिकवणी लागली आहे. विद्यार्थी मठ्ठ आहे, वेळ लागेल."

विद्यार्थी बाहेर बसून कालवणाची वाट बघत होता. शब्बाथचे दिवे लागायच्या आत काकांनी बॅगेतले कपडे काढून कपाटात ठेवले. यायरने मदत केली, आणि घड्या चुकल्या म्हणून बोलणी खाल्ली.

त्यानंतर दीनाच्या सासऱ्यांची बरसी आली. आदल्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"कृपया लक्ष द्या. तुझ्या सासऱ्यांची बरसी उद्या संध्याकाळी लागते आहे. दिवा तयार ठेव."

दीनाच्या तोंडून सवयीने गेलंच, "नक्की ना, काका? उद्याच ना?"

"त्या चौकटीसारखं विचारू नकोस," काका म्हणाले. "हो, नक्की. इथे 'नाही'चं बटणच नाही."