लिंबाखालची ओली पानं

आमच्या कॉलनीच्या बागेतला पहिला कडुलिंब माझ्यामुळे पडला. हे आधीच सांगून टाकते, नंतर कोणी उकरून काढायला नको. पाचोळा फार पडतो, असा अर्ज मीच लिहिला होता. जन्मभर शाळेत निबंध तपासले, त्यामुळे अर्ज झकास झाला. झाडाच्या जागी पेव्हर ब्लॉक आले, वर पत्र्याची शेड. आम्ही नारळसुद्धा फोडला.

दुसऱ्या लिंबाखाली मागच्या वस्तीतल्या बायका दुपारी विड्या वळतात. घरं पत्र्याची, उन्हाळ्यात आत थांबवत नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली तेंदूची पानं. यंदा कमिटीने हाही लिंब काढायचं ठरवलं आणि सहीचा कागद माझ्याकडे दिला. बायकांना शेडमध्ये बसवू, म्हणाले. ते सांगायला मीच गेले.

"तितं पानं टिकत न्हाईत, बाई," त्यांच्यातली वयस्कर बाई म्हणाली. घरी तेलुगू बोलणारी, आमच्याशी सोलापुरी. मला पटेना. तिने मूठभर ओली पानं शेडमधल्या बाकावर पसरली, मूठभर बुंध्याशी. "चहा पिऊन या की."

आले, तर बाकावरचं पान चिमटीत चुरा झालं. बुंध्याजवळचं बोटाभोवती मुकाट वळलं.

"पानाला कळतंय ते तुमाला कळलं न्हाई व्हय?"

मला लाज वाटली. मग स्वतःचाच भयंकर राग आला.

मी सही केली नव्हती, तरी तोडणारे आले. त्या दुपारी मी खुर्ची ओढून बुंध्याला टेकून बसले. भोवती बायका, सुपं घेऊन. तोडणाऱ्यांनी करवत खाली ठेवली आणि तेही सावलीतच टेकले. अध्यक्ष रुमालाने मान पुसत म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही तरी समजून घ्या."

"शिकलेली आहे म्हणून तर मागच्या वेळी सुंदर अर्ज लिहिला," मी म्हटलं. "हे ओलं पान घ्या. शेडमध्ये बसा. वाळेपर्यंत उठला नाहीत, तर आत्ता सही करते."

त्यांनी शेडकडे पाहिलं. पत्रा डोळ्यांवर चमकत होता. मग ते दोन पावलं आत, लिंबाच्या सावलीत सरकले.

तो कागद अजून माझ्याकडे आहे, सहीशिवाय. पाचोळा रोज मीच झाडते. कंबर मोडते. मोडू दे.