आठव्या स्लॉटची पाळी

चप्पल काढली. पायपुसण्यावर पाय पुसले. बाकीच्यांच्या मागं मी बी मशीनच्या खोलीत पाय टाकायलो, तर साहेबांनी हात आडवा केला.

"तू नाही. तू बाहेर बस. तुला कागद देतो."

चौघं आत गेले. काचेचं दार लागलं. नोकरीचा पहिला दिवस. परभणीतलं ते कॉम्प्युटर सेंटर, आन् इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून हंगामी ऑर्डर घेऊन आलेला मी. चप्पल तशीच हातात धरून किती वेळ उभा व्हतो, ध्यानात न्हाई.

कारण इचारलं तर म्हणले, धूळ जाते, मशीन नाजूक हाय. धूळ! आमच्यात मानवत गावचा एक इंजिनिअर व्हता, जिनिंगवाल्याचा पोरगा. त्याच्या बाहीला कापूस चिकटलेला असायचा. तो आत. खंडेनवमीला साहेबांनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पाणी उडालं सगळीकडं. ते चाललं. माझे पुसलेले पाय न्हाई चालले. मी काय दुधखुळा व्हतो का? आडनाव इचारून झाल्यावरच त्यांचा हात आडवा झाला व्हता.

आठ महिने मी व्हरांड्यातल्या बाकड्यावर काढले. प्रोग्रामचे छापलेले कागद साहेब माझ्या हातात द्यायचे न्हाईत. स्टुलावर ठेवायचे, मागं सरकायचे, मग मी उचलायचे. एकदा रस्त्यानं नामांतराचा मोर्चा चालला व्हता. घोषणा ऐकू यायल्या. साहेब दारात आले आन् माझ्याकडं बघून म्हणले, "विद्यापीठाचं नाव बदलून अक्कल येते का कोणाला?"

मी कागदात मान घातली. नोकरी पक्की व्हायची व्हती. मी सहावीत असताना ह्याच नावापायी आमचं घर जाळलं व्हतं. कुडाचं घर, जळायला वेळ किती लागतो? बापानं आगीतून एक पत्र्याची पेटी वढून काढली, तिच्यात माझं दप्तर व्हतं. त्या दप्तराची आठवण ठेवून मी गप्प बसलो. आज त्या गप्प बसण्याची लाज वाटते.

मग एका कंपनीचं नवं मशीन आलं. मशीनमध्ये आठ स्लॉट म्हणजे खाचा, त्यांत आठ कार्डं, कोणतं छपाईचं, कोणतं टेपचं. सगळ्यांला मिळून एकच रस्ता, त्याला बस म्हणतात. एका टायमाला एकाच कार्डानं त्या रस्त्यावर जायचं. पाळी कोणाची, हे बस कंट्रोलर बघतो, आन् त्या कंट्रोलरला हुकूम देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या पार गाभ्यात, कर्नलमध्ये बसतो. तिथं चूक झाली की सगळंच बसलं. कंपनीनं ड्रायव्हरचा छापील गठ्ठा धाडला आन् म्हणली, तपासून सही करा, मग मशीन तुमच्या ताब्यात. तवर चाचणी म्हणून रोजचं काम त्याच्यावर चालवा.

मानवतच्या इंजिनिअरनं दोन पानं चाळली आन् जांभई दिली. साहेबांनी गठ्ठा स्टुलावर ठेवला. म्हणले, बघ, बाहेर तुला वेळच वेळ आहे.

मशीनला तर हात लावायचा न्हाई. मग तपासायचं कसं? बाकड्यावर खडूनं आठ चौकटी आखल्या. दारच्या चिंचेखालचे चिंचोके गोळा केले. ज्या कार्डाला रस्ता पाहिजे, त्याच्या चौकटीत चिंचोका. कागदावरची एकेक ओळ वाचायची आन् ती सांगंल तसा चिंचोका उचलायचा. येणारे जाणारे हसायले. चिंचोके खेळायलाय म्हणले. खेळू द्या म्हणलं.

अकराव्या दिवशी सापडलं. ड्रायव्हर एका कार्डाचं काम करायचा आन् परत पहिल्यापासून बघायला लागायचा. दरवेळी पहिल्यापासून. वरची कार्डं काम मागतच राहिली, तर आठव्याची पाळी यायचीच न्हाई. आठव्या स्लॉटमध्ये टेप व्हती. सगळ्या नोंदींची नक्कल त्या टेपवर जायची. आन् ह्याहून वंगाळ म्हणजे, वाट बघून थकल्यावर ड्रायव्हर वर कळवायचा की काम झालं. टेप कोरी, आन् निरोप काय, तर झालं.

चिंचोका तसाच हातात राहिला. मला आमच्या गावचा आड दिसला. माय घागर घेऊन कडंला उभी. आमी आडाला शिवायचं न्हाई, कोणी वरून वतलं तर पाणी. गावातलं नवं माणूस आलं की पाळी परत त्याच्यापासून सुरू. माय दुपारपर्यंत उभी असायची. आन् गावात इचारलं तर म्हणायचे, त्यांला पाणी मिळतंय की.

सात पानं लिहिली. चूक कुठं, का, दुरुस्ती कशी. खाली कार्बन घातला. पहिल्या पानावर लिहिलं, तपासणार, आन् पुढं माझं पूर्ण नाव. पानं स्टुलावर ठेवली, साहेबांनी उचलून नेली.

कंपनीचा माणूस आला त्या दिवशी बाकड्यावरून काचेतून सगळं दिसत व्हतं. त्याच्या हातात माझी सात पानं. सहा माझ्या अक्षरातली. पहिलं पान टाइप केलेलं, करकरीत. काचेपाशी सरकून वाचलं. तपासणार म्हणून मानवतच्या इंजिनिअरचं नाव.

ज्या नावापायी घर गेलं ते नाव वेगळं, हे माझं स्वतःचं, बापानं ठेवलेलं. एक पान फाडलं की तेबी गेलं.

आत कंपनीच्या माणसानं काहीतरी इचारलं. इंजिनिअर कागद उलटेपालटे करायला लागला. साहेबांनी दार उघडलं, अर्धंच. आठव्याचं काय लिहिलंय ते समजावून सांग म्हणले. मी उठलो. उंबऱ्याशी गेलो. परत तोच हात आडवा.

"तिथूनच सांग."

आठ महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"दारातून न्हाई सांगणार. काम माझं हाय. आत येऊन सांगतो."

हात खाली आला न्हाई. मी तो बाजूला केला. माझ्या हातानं. इटाळ व्हायचा तो झाला. आत गेलो आन् कंपनीच्या माणसाला म्हणलं, फळ्यावर काय सांगत बसू, टेप लावा आन् वाचून दाखवा. त्यानं टेप लावली. कोरी. त्याच्या मागची लावली. तीबी कोरी. महिन्याभराच्या सगळ्या टेपा कोऱ्या, आन् रजिस्टरात रोज लिहिलेलं, नक्कल झाली, खाली साहेबांची सही.

मग मी माझं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. कंपनीच्या माणसानं नुसतं पाचवं पान काढलं आन् दुरुस्ती इचारली. त्याला ड्रायव्हर दुरुस्त करायचा व्हता, माणसं न्हाईत.

आठव्या दिवशी मला कमी केल्याचा कागद आला. कारण, मशीनच्या खोलीची शिस्त मोडली. ड्रायव्हर मात्र माझ्या पाचव्या पानावर लिहिलेला तसाच बदलला. फायलीत पहिलं पान आजबी दुसऱ्याच्या नावाचं हाय. ते नाव बदला म्हणून मी अर्जावर अर्ज केले. उत्तर आलं न्हाई. आजबी अर्ज करायलोच हाय, आन् मरेपर्यंत करणार.

कार्बनचं पहिलं पान माझ्यापाशी हाय. पुढं जिथं जिथं कामाला गेलो, तिथं ते टेबलावर ठेवलं आन् आधीच सांगितलं. काम आत असंल तर मी आत येणार. मी तपासलं असंल तर नाव माझं, पहिल्या पानावर. हे जमत नसंल तर तुमचं मशीन बंद पडू द्या. दारातून मी आता कोणाला एक अक्षर सांगत न्हाई.