गाणगापुरात मुक्काम किती दिवस

त्या वर्षी मी गाणगापूरला चालत निघालो तो भक्तीपोटी नव्हे, हे आधीच कबूल करतो. मला घरातून निघून जायचं होतं. चारचौघांत सांगता येईल असं दुसरं कारण सापडलं नाही, म्हणून महाराजांचं नाव पुढे केलं.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. वडील एस.टी. डेपोत गाड्या धुवायचे. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. पुण्यात हडपसरजवळ काचेच्या नव्या इमारतीत सॉफ्टवेअरची नोकरी लागली, तेव्हा वडिलांनी डेपोत पेढे वाटले होते. मीही सकाळी गळ्यात ओळखपत्र घालताना मनात देवाचे आभार मानत असे. लग्न झालं, वैशाली पुण्यात आली, दोन वर्षांनी तिला दिवस राहिले. सगळं ओळीनं चाललं होतं.

आमच्या मजल्यावर मोबाईल न्यायची परवानगी नव्हती. अमेरिकेतल्या ग्राहकाचा तसा नियम होता. सगळ्यांचे फोन दाराबाहेरच्या लॉकरमध्ये राहत. वैशालीला आठवा महिना चालू होता. त्या दिवशी संध्याकाळी सहाला मी लॉकर उघडला तर अकरा फोन येऊन गेले होते. पहिला तिचा, दुपारी एकचा. शेवटचे चार शेजारच्या बाईंचे. दवाखान्यात पोचलो तेव्हा ऑपरेशन आटोपलं होतं आणि मुलगी गेली होती. वैशाली गुंगीत होती. दुसऱ्या दिवशी तिला नीट शुद्ध यायच्या आत, मोठ्या माणसांनी सांगितलं म्हणून, वडील आणि मी ते एवढंसं गाठोडं नेऊन पुरून आलो.

त्यानंतर दोन महिने घरात बोलणं म्हणजे ‘दूध संपलंय’, ‘गॅस आलाय’ एवढंच. वैशाली मला काहीच बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सासूबाई मदतीला आल्या होत्या, त्याही भिंतीकडे बघत पोळ्या लाटायच्या. कामावर गेलो की त्या लॉकरच्या रांगेसमोर मी फोन हातात धरून उभा राहत असे. देवासमोर हात जोडायचे म्हटलं तरी जमेना. कुठल्या तोंडानं जोडणार?

तेव्हा एका सहकाऱ्याकडून कळलं की कोथरूडचे एक काका दरवर्षी पुण्याहून गाणगापूरला पदयात्रा नेतात. तेरा दिवसांची चाल, मग तिथे मुक्काम, परत येताना रेल्वे. लहानपणी आत्या सांगायची, गाणगापूरला सेवा करायला बसलेला माणूस आपल्या मनानं उठत नाही. स्वप्नात महाराजांचा हुकूम होतो, तेव्हाच तो गाव सोडतो. कुणाला नवव्या दिवशी होतो, कुणाला वर्षानंतर. मला ते फार बरं वाटलं. परत कधी यायचं हे माझ्या हातातच राहणार नव्हतं.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सोसायटीतल्या त्यांच्या घरी मी फॉर्म भरायला गेलो. ‘मुक्काम किती दिवस’ या रकान्यात मी लिहिलं, ‘हुकूम होईपर्यंत’. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“अहो, ही कुठली तारीख? धर्मशाळेच्या व्यवस्थापकाला मी काय कळवू, यांचं स्वप्न पडलं की खोली रिकामी होईल?”

“काका, माझी तशी श्रद्धा आहे.”

“असेल की. आमची काय पैज आहे?” मग त्यांनी फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. “मागे आमच्यातले एक गृहस्थ असेच तिथे राहिले. त्यांची बायको इथे, तुम्ही बसलायत तिथे बसून मला म्हणत होती, माझा नवरा आणून द्या. तेव्हापासून आपल्याकडे घरच्यांची सही लागते. ती घेऊन या. चहा घेणार, की त्यालाही हुकूम लागतो?”

तो फॉर्म चार दिवस माझ्या बॅगेत पडून होता. पाचव्या दिवशी मी तो वैशालीपुढे ठेवला. तिनं सगळा वाचला, वरपासून खालपर्यंत.

“हुकूम कुणाचा?”

“महाराजांचा.”

“तुम्हाला मला सोडून जायचं असेल तर मला सांगा. महाराजांच्या नावावर कशाला घालता?”

स्वयंपाकघरात सासूबाईंचं लाटणं थांबलं. ती खरं तेच बोलली होती. तिनं पेन घेतलं, माझे शब्द खोडले, वर ‘तीन रात्री’ असं लिहिलं आणि सही केली. “चौथ्या दिवशी मी जेवायला थांबेन,” म्हणाली आणि आत गेली.

चाललो. भिगवणपर्यंत तळपायाला फोड आले, सोलापूरनंतर ते फुटून कातडं निबर झालं. लोक भजनं म्हणत, मी ओठ हलवत असे. इतकं चालल्यावर मनात काहीतरी हलेल असं वाटलं होतं. काही हललं नाही. गाणगापुरात पादुकांसमोर डोकं टेकलं तेव्हाही आत कोरडंच होतं. माझ्या शेजारी एक बाई आरतीच्या वेळी हंबरडा फोडून रडत होती. मला तिचा हेवा वाटला.

पहिली रात्र गेली, दुसरी गेली. स्वप्न पडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवून टाकलं की काकांबरोबर परत जायचं नाही. सही केली म्हणून काय झालं, हुकूम कुठे झालाय? असा वाद मनाशी घातला आणि दुपारी झोळी घेऊन माधुकरी मागायला निघालो. तिथे सेवेकऱ्यानं पाच घरी भिक्षा मागून जेवायचं असतं. चार घरं झाली. पाचव्या दारात एक म्हातारी चुलीपुढून उठून आली. हाताला पीठ लागलेलं.

“किती दिस हाय सेवा?” झोळीत भाकरी टाकता टाकता तिनं विचारलं.

“ठरलं नाही, आजी.”

“घरी कोन हाय?”

“बायको आहे.”

“ती कुनाच्या दारात मागती मग?”

असं म्हणाली आणि तव्यावरची भाकरी करपतेय म्हणून चरफडत आत पळाली.

मी तिथेच पायरीवर बसलो. मला रडू आलं. मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा. मी आपलं दुःख घेऊन तीनशे किलोमीटरहून जास्त भटकलो होतो, पाच दारांत हात पसरले होते, आणि वैशालीला पसरायला एकच दार होतं. ते मी ओढून घेतलं होतं.

लोक विचारतात, ती म्हातारी कोण होती? मला माहीत नाही. तिच्या घरात धूर होता आणि माझ्यामुळे तिची भाकरी करपली, एवढं मी सांगू शकतो. स्वप्न मला त्या रात्रीही पडलं नाही. सकाळी मी सगळ्यांबरोबर स्टेशनवर गेलो. काकांनी यादीतल्या माझ्या नावापुढे खूण केली.

घरी पोचायला दुपारचे तीन वाजले. वैशाली जेवायची थांबली होती. सासूबाईंनी ताटं वाढली आणि त्या मुद्दाम शेजारी निघून गेल्या. मी प्रसाद दिला. तिनं तो कपाळाला लावला, तोंडात टाकला आणि ताटाकडे बघत विचारलं,

“कशी होती हो ती?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं आपल्या लेकीला पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं मी. आणि इतके दिवस मी तिला माझी चूक कशी सांगावी याच्याच धास्तीत होतो. ती मात्र हे विचारायला थांबली होती.

मी सांगितलं. केस दाट होते, ओले, कपाळावर चिकटलेले. नाक आईवर, म्हणजे माझ्या आईवर. बोटं लांब. उजव्या हाताची मूठ मिटलेली, ती मी उघडली नाही. सांगता सांगता लॉकरचंही सांगितलं, अकरा फोनचंही. वैशाली रडली, मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल इतकं. अन्न तसंच राहिलं.

आमचं दुःख त्या दिवशी संपलं नाही, आजही संपलेलं नाही. त्यानंतर आम्हाला मूल झालं नाही. पण महाराजांवर सोपवणं म्हणजे काय, ते मला त्या ताटावर थोडं कळलं. जिथून पळावंसं वाटतं तिथे त्यांनी मला परत आणून बसवलं, आणि तिथे बसायचं बळ दिलं. हात आता जोडले जातात. त्या मुलीविषयी आम्ही घरात नावानं बोलतो. नाव वैशालीनं ठेवलं, त्याच दुपारी, गार झालेलं वरण परत गरम करताना.