उरलेल्या सगळ्या कॅसेटी

सौदीतल्या अल-खोबरला माझ्या नवऱ्याचा ब्रिटिश साहेब आम्हाला त्यांच्या देशातल्या टीव्हीवरची एक खुनाची मालिका बघायला द्यायचा. कुठल्याशा कादंबरीवरून केलेली. पण माणूस भारी चिक्कू! दर बुधवारी एकच कॅसेट, आणि आधीची परत केल्याशिवाय पुढची नाही. खुनी कोण, यावरून आठवडाभर आमची भांडणं चालत.

सद्दामचं सैन्य तेव्हा शेजारच्या कुवेतमध्ये येऊन बसलं होतं. विषारी वायूच्या धास्तीने आम्ही खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या होत्या. अशात एका बुधवारी हे उरलेल्या सगळ्या कॅसेटी घेऊन आले. "साहेब म्हणाला, सावकाश बघा. परत करायची घाई नाही."

मी विचारलं, "अहो, हा माणूस एकाएकी एवढा उदार कसा झाला?"

"तुला जिथे तिथे खूनच दिसतो," म्हणत यांनी कॅसेट लावली.

शनिवारी साहेबाच्या बंगल्याला कुलूप होतं. फाटकाशी गाडी तशीच, दोरीवर टॉवेल तसेच. ऑफिसातले बाकीचे गोरेही बायकापोरांसकट गेलेले.

मालिकेतला खुनी तोवर आम्हाला कळला होता. आमचे पासपोर्ट मात्र कफीलच्या, म्हणजे आम्हाला व्हिसा देणाऱ्या सौदी मालकाच्या, तिजोरीत होते, आणि कफीलच्या घरचा फोन नुसताच वाजत होता.