तिसऱ्या टेबलाचे नापास बोर्ड

"तांड्यावरच्या बाईच्या हाती सोल्डरिंग दिल्यावर असंच व्हणार. त्यापरीस ऊस तोडू द्या म्हणावं."

फोरमन चहाचा कप धरून हे मालकांना सांगत होता, आवाज जराही न दबवता. ती ताई तिथून चार हातांवर बसली होती. तिने मान वर केली नाही. मीही केली नाही, स्क्रीनकडे बघत राहिले. आजही ते आठवलं की कान तापतात.

हिंगोलीच्या त्या शेडमध्ये मोबाइलवरून शेतातली मोटार चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरचे बोर्ड तयार व्हायचे. पहिल्या टेबलावर फोरमन स्वतः, दुसऱ्यावर एक अबोल काका, तिसऱ्यावर ताई. प्रत्येक टेबलावर टेस्टिंगचा एक खोका, आणि तिन्ही खोके यूएसबीच्या वायरींनी माझ्या कॉम्प्युटरला जोडलेले. खोक्यात बोर्ड ठेवला की माझा प्रोग्रॅम तो तपासायचा आणि टेबलाच्या नंबरासकट पास-नापास छापायचा. मालकांना तो कागद फार आवडायचा.

दसऱ्यानंतर आठ दिवस कागद एकच सांगत होता: तिसरं टेबल, नापास.

मालकांनी ताईला बोलावलं. "काय चाललंय बाई हे?"

"साहेब, मी एकेक जोड दोनदा बघून राहिले."

"मग कॉम्प्युटर खोटं बोलून राहिला का?"

फोरमन माझ्याकडे वळला. "काहो मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरचं अन् ताईचं काही भांडण हाय का? सांगा की. इंग्रजीत सांगितलं तरी चालंल."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच ठाऊक नव्हतं.

"शुक्रवारपर्यंत बघतो," मालक ताईला म्हणाले, "मग घरी बसा."

शुक्रवारी दुपारी ताई बाहेर लिंबाखाली जेवायला गेली. तिचा खोका उघडा होता, रिकामा. फोरमनने आपला बोर्ड आपल्या खोक्यात ठेवला आणि माझ्या स्क्रीनवर उमटलं: तिसरं टेबल, नापास.

मी तो रिकामा खोका बघत बसले. त्याच्या झाकणावर अजून कुंकवाचं बोट होतं. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांबरोबर हे खोकेही वायरी काढून, पुसून पाटावर मांडले होते. पूजेनंतर फोरमनने हाताला येईल ती वायर आधी लावली. कॉम्प्युटर जो खोका आधी दिसेल त्याला पहिला म्हणतो. तो कुठल्या टेबलावर आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मी मात्र त्याच नंबरावर विसंबले होते. खरं तर प्रत्येक खोक्याच्या आत त्याचा स्वतःचा कायमचा क्रमांक लिहिलेला होता. वायर कशीही लावा, तो बदलत नाही. तो विचारून घेणं चार ओळींचं काम. ते मी 'नंतर करू' म्हणून सोडलं होतं.

राग आधी स्वतःचाच आला, मग सगळ्यांचा. दसऱ्याआधीच्या सहा महिन्यांत ताईचा एखादा बोर्ड परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तरी कागद निघताच सगळ्यांना पटलं, जणू वाटच बघत होते. आठ दिवसांत तिचा एक बोर्ड हातात घेऊन बघावा असं एकालाही वाटलं नाही. मलाही नाही. मी तर शिकलेली.

एरवी मी चिठ्ठी लिहून मालकांच्या टेबलावर ठेवली असती. माझं पुस्तकी मराठी ऐकून फोरमन हसतो, म्हणून मी बरीच कामं तशीच उरकायची. पण ताई पदराला हात पुसत आत आली आणि फोरमन म्हणाला, "आजच्या दिवस करून घ्या बाई."

मी उठले. मालकांच्या केबिनचं दार उघडंच होतं. आवाज चिरकला, तरी थांबले नाही.

"सर, ताईंना घरी बसवायचं नाही. तिसऱ्या टेबलाचे म्हणून आठ दिवस छापले ते नापास बोर्ड पहिल्या टेबलाचे आहेत. नंबर चुकवला माझ्या प्रोग्रॅमने. ते सोल्डरिंग फोरमनचं आहे."